क्लोरीनचं ३५.५ आणि अणूच्या आतला हिशोब

अकरावीच्या एका विद्यार्थ्याचे तीन प्रश्न आहेत. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर ही चार अणुप्रारूपं ओळीनं शिकायची, प्रत्येकाखाली ‘त्रुटी’ लिहायच्या आणि पुढं जायचं. सगळीच चुकली असतील तर शिकायची कशाला? अणू दिसत नाही, मग त्याच्या आत काय आहे हे कळलं कसं? आणि क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ आहे, तर हा अर्धा कुठून आला?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच वाटेवर भेटतात.

आधी डाल्टनबद्दलचा एक गैरसमज दूर करू. पदार्थ बारीक, अविभाज्य कणांचा बनलेला आहे हे त्याच्या आधी बऱ्याच जणांनी म्हटलं होतं. ग्रीकांनी म्हटलं, आपल्याकडे कणादांनी म्हटलं. डाल्टननं नवीन सांगितलं ते एवढंच, की प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला ठरावीक वजन असतं आणि ते तराजूवरून काढता येतं. १८०३ मध्ये त्यानं वहीत सापेक्ष वजनांचा पहिला तक्ता मांडला. त्यातले बरेच आकडे आज हास्यास्पद वाटतील, पण तक्ता मांडता येतो हेच मोठं होतं.

त्याचा खरा आधार म्हणजे गुणित प्रमाणाचा नियम: दोन मूलद्रव्यांची एकाहून जास्त संयुगं होत असतील, तर एकाच्या ठरावीक वजनामागे दुसऱ्याची वजनं साध्या पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. मुलं इथे अडखळतात, कारण पुस्तकात आकडे टक्केवारीत दिलेले असतात आणि टक्केवारीत हा नियम दिसतच नाही. तांब्याची दोन ऑक्साइडं घ्या. काळ्या ऑक्साइडमध्ये तांबं ७९.९ टक्के आणि ऑक्सिजन २०.१ टक्के, लाल ऑक्साइडमध्ये ८८.८ आणि ११.२. हे चार आकडे कितीही वेळ बघत बसलात तरी काही सापडणार नाही. पहिली पायरी अशी, की एका मूलद्रव्याचं वजन दोन्हीकडे सारखं करायचं. १ ग्रॅम तांब्यामागे ऑक्सिजन किती? काळ्यात २०.१ भागिले ७९.९, म्हणजे ०.२५२ ग्रॅम. लालमध्ये ११.२ भागिले ८८.८, म्हणजे ०.१२६ ग्रॅम. बरोबर दुप्पट. ऑक्सिजन सलग, हवा तेवढा मिसळता येणारा पदार्थ असता तर १.७ पट किंवा २.३ पटही आला असता. पूर्णांक येतो, कारण तो मोजून नगांनी येतो.

प्रयोगशाळेत हे करून पाहिलं तर बहुतेकदा उत्तर बिघडतं, आणि बिघडण्याचं कारण ठरलेलं असतं. काळं ऑक्साइड हायड्रोजनच्या प्रवाहात तापवून त्याचं तांबं केलं, पण ते पूर्ण थंड होण्याआधीच वायू बंद केला, की गरम तांबं हवेतला ऑक्सिजन पुन्हा धरतं. तांब्याचं वजन जास्त भरतं आणि ऑक्सिजन कमी निघतो. वायू चालू ठेवूनच थंड करायचं, आणि दोन वजनं एकसारखी येईपर्यंत तापवणं, थंड करणं, वजन करणं चालू ठेवायचं.

आता डाल्टन जिथे अडला ती जागा. पाण्यात १ ग्रॅम हायड्रोजनला ८ ग्रॅम ऑक्सिजन असतो (त्याच्या मोजमापात हा आकडा आधी साडेपाच, पुढे सात असा यायचा). म्हणून ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड? पाण्यात दोन्हींचा एकेक अणू असेल तर हो. हायड्रोजनचे दोन असतील तर १६ पट. कुठला पर्याय खरा हे तराजू सांगू शकत नाही. डाल्टननं सोपं म्हणून एकास एक धरलं.

गे-ल्युसॅकनं १८०८ मध्ये दाखवलं की दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमान वाफ होते. डाल्टनला हे पटलं नाही. एका आकारमानातला ऑक्सिजन दोन आकारमान वाफेत वाटायचा म्हणजे त्याचा अणू अर्धा करावा लागेल, आणि अणू तर अविभाज्य. अ‍ॅव्होगॅड्रोनं १८११ मध्ये उत्तर दिलं: ऑक्सिजन वायूचा कण म्हणजे एकटा अणू नसून दोन अणूंचा रेणू आहे, अर्धा होतो तो रेणू. उत्तर बरोबर होतं, तरी जवळपास पन्नास वर्षं बहुतेकांनी ते बाजूला ठेवलं.

ते वापरात आणलं कॅनिझारोनं, १८५८ मध्ये, आणि १८६० च्या कार्ल्सरुहे परिषदेनंतर ते पसरलं. त्याची रीत क्लोरीनवर करून बघा, कारण ३५.५ इथूनच येतो. क्लोरीनची वायुरूप होणारी संयुगं घ्यायची. वाफेची घनता हायड्रोजनशी ताडून, हायड्रोजनचा रेणू २ धरून, प्रत्येकाचं रेणुवस्तुमान काढायचं आणि रासायनिक पृथक्करणानं त्यात क्लोरीन किती टक्के ते बघायचं. हायड्रोजन क्लोराइड ३६.५, त्यात क्लोरीन ९७.२ टक्के, म्हणजे रेणूमागे ३५.५. क्लोरोफॉर्म ११९.४, क्लोरीन ८९.१ टक्के, म्हणजे १०६.४. कार्बन टेट्राक्लोराइड १५३.८, क्लोरीन ९२.२ टक्के, म्हणजे १४१.८. खुद्द क्लोरीन वायू ७१. म्हणजे ३५.५ ची एक पट, तीन पट, चार पट, दोन पट. ३५.५ पेक्षा लहान तुकडा कुठल्याच रेणूत सापडत नाही, म्हणून तोच अणू.

या रीतीत दोन ठिकाणी फसगत होते. निवडलेल्या सगळ्या संयुगांत त्या मूलद्रव्याचे अणू सम संख्येनंच असतील तर उत्तर दुप्पट येईल. म्हणून दोन-तीन संयुगांवर भागत नाही, पुष्कळ लागतात. दुसरं, तापवल्यावर काही संयुगं फुटतात. अमोनियम क्लोराइडचं रेणुवस्तुमान ५३.५, पण वाफेच्या घनतेवरून निम्मं, २६.७५ च्या आसपास निघतं, कारण वाफेत अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वेगळे रेणू फिरत असतात. अ‍ॅव्होगॅड्रोच्या विरोधकांना असली उदाहरणं फार उपयोगी पडली.

३५.५ आला खरा, पण तोही सलत राहिला. प्राउटनं १८१५ मध्ये सुचवलं होतं की सगळी मूलद्रव्यं हायड्रोजनचीच बनलेली असावीत, कारण बरीच अणुवस्तुमानं पूर्णांकाच्या जवळ येतात. कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६. क्लोरीननं ही कल्पना मोडली. मोजमाप जितकं चांगलं होत गेलं तितका ३५.५ पक्का होत गेला. हा आकडा लक्षात ठेवून पुढं चला.

थॉमसनवर फार वेळ घालवत नाही. १८९७ मध्ये त्यानं ऋणकिरण (निर्वात नळीतल्या ऋणाग्रातून निघणारे किरण) विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांत वळवून प्रभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढलं. हर्ट्झला याआधी हे किरण विद्युतक्षेत्रात वळलेले दिसले नव्हते, कारण नळीत उरलेला वायू विद्युतवाहक होऊन पट्ट्यांमधलं क्षेत्रच मारून टाकत होता. थॉमसननं निर्वात अधिक चांगला केला. गुणोत्तर हायड्रोजन आयनाच्या साधारण हजारपट आलं (आजचा आकडा १८३६), आणि ऋणाग्राचा धातू किंवा नळीतला वायू बदलला तरी तेच आलं. कण सगळ्या पदार्थांत सारखा आहे हे या ‘तेच आलं’ मुळे कळलं. मात्र परीक्षेत बरेच जण लिहितात की थॉमसननं इथेच इलेक्ट्रॉनचं वस्तुमान काढलं. गुणोत्तर मोठं असण्याचं कारण प्रभार मोठा हे असू शकतं किंवा वस्तुमान लहान हे असू शकतं. त्याचा निकाल प्रभार वेगळा मोजल्यावर लागला. मिलिकनच्या तेलथेंबांच्या प्रयोगानं तो अचूक मिळाला.

रुदरफोर्डपाशी मात्र थांबायला हवं, कारण हा प्रयोग पुस्तकात तीन निरीक्षणं आणि तीन निष्कर्ष एवढाच उरतो. धातूच्या पातळ वर्खावर अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे धनप्रभारित कण) सोडले; बहुतेक सरळ गेले, थोडे वळले, अगदी मोजके परतले. म्हणून अणू पोकळ, मध्ये केंद्रक. हे वाचून हुशार मूल विचारतं, की अणूत इकडेतिकडे चार-पाच कठीण गोळ्या असत्या तरी असंच झालं नसतं का? प्रश्न रास्त आहे. तीन निरीक्षणांवरून ठरत नाही; ठरतं ते कुठल्या कोनात किती कण गेले या मोजणीवरून.

मँचेस्टरला १९०९ मध्ये गायगर आणि मार्सडेन यांना आढळलं की प्लॅटिनमवर पडलेल्या अल्फा कणांपैकी साधारण ८००० त एक मागे फिरतो. अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३०० पट जड, त्यामुळे इलेक्ट्रॉनवर आपटून तो मागे फिरणं शक्य नाही. थॉमसनच्या अणूत धनप्रभार सगळीकडे पसरलेला, म्हणजे कुठेच पुरेसं जोराचं क्षेत्र नाही. तिथे मोठा कोन व्हायचा तर असंख्य छोटी वळणं योगायोगानं एकाच बाजूला पडायला हवीत, आणि त्याची शक्यता ८००० त एकच्या जवळपासही पोचत नाही. म्हणून रुदरफोर्डनं १९११ मध्ये मांडलं की वळण एकाच धडकेत होतं. सगळा प्रभार एका बिंदूपाशी धरला आणि प्रतिकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात धरलं, तर एखाद्या कोनात जाणारे कण ‘अर्ध्या कोनाच्या साइनचा चौथा घात’ याच्या व्यस्त प्रमाणात यायला हवेत.

हे भाकीत पडताळायला गायगर-मार्सडेननं निर्वात केलेली धातूची गोल पेटी घेतली. मधोमध वर्ख, एका बाजूला रेडियमपासून मिळणाऱ्या वायूची, म्हणजे रेडॉनची, पातळ खिडकी असलेली नळी. पेटीला सूक्ष्मदर्शक जोडलेला, त्याच्या तोंडाशी झिंक सल्फाइडचा पडदा. वर्ख आणि स्रोत जागचे हलवायचे नाहीत, सूक्ष्मदर्शकासकट पेटी फिरवायची. अल्फा कण पडद्यावर आदळला की बारीकशी चमक होते, ती अंधारात बसून डोळ्यांनी मोजायची. हवा काढणं भाग होतं, कारण हवेत अल्फा कण काही सेंटिमीटरच जातो आणि हवेचे अणूही त्याला विखुरतात. रेडॉनचा अर्धायुकाल ३.८ दिवस, म्हणजे मोजणी चालू असताना स्रोत क्षीण होत जातो. त्याचाच त्यांनी उपयोग केला: ताज्या स्रोतानं मोठे कोन मोजले, जिथे कण तुरळक येतात, आणि स्रोत क्षीण झाल्यावर लहान कोन, जिथे एरवी चमका मोजता येणार नाहीत इतक्या असतात. नंतर सगळे आकडे एकाच जोराच्या स्रोताला जुळवून घेतले.

१९१३ मधला सोन्याचा तक्ता समोर घ्या. १२० अंशाला ५१.९ चमका, ६० अंशाला ४७७. सूत्र काय म्हणतं? ६० च्या अर्ध्याचा साइन ०.५, चौथा घात ०.०६२५. १२० च्या अर्ध्याचा साइन ०.८६६, चौथा घात ०.५६२५. गुणोत्तर ९. प्रयोगात ४७७ भागिले ५१.९, म्हणजे ९.२. आणखी टोकाचं बघा: १५० अंशाला ३३.१ आणि १५ अंशाला १,३२,०००. म्हणजे मोजणीत सुमारे चार हजार पटींचा फरक, आणि सूत्राचा आकडा तीन हजार पटींचा. लहान कोनांना थोडा फरक पडतो हे तक्त्यात उघड दिसतं, त्यांनी तो लपवला नाही. पण एवढ्या मोठ्या पल्ल्यात सूत्र साधारण टिकतं, हा केंद्रकाचा पुरावा. इकडेतिकडे विखुरलेल्या कठीण गोळ्या असत्या तर हा चौथा घात आला नसता.

याच प्रयोगातून केंद्रकाची त्रिज्या ‘मोजली’ असं लिहू नका. ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा अल्फा कण सोन्यावर नाकासमोर आला तर किती जवळ जाईल? १.४४ (हा स्थिरांक) गुणिले २ गुणिले ७९ (अल्फा कणाचा आणि सोन्याच्या केंद्रकाचा प्रभार), भागिले ७.७, म्हणजे सुमारे ३० फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर). तिथपर्यंत सूत्र चालतं, म्हणून केंद्रक याहून लहान आहे एवढंच म्हणता येतं. सोन्याच्या केंद्रकाची त्रिज्या ७ फेम्टोमीटरच्या आसपास आहे हे पुढे वेगळ्या मार्गानं कळलं. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: हे सूत्र मधला प्रभार धन असो की ऋण, सारखंच येतं, आणि १९११ च्या लेखात रुदरफोर्डनं तो प्रश्न उघडा ठेवला होता.

मग बोर. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रारणं टाकत सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात केंद्रकात पडायला हवा, ही रुदरफोर्डच्या अणूची अडचण. बोरनं १९१३ मध्ये काही ठरावीक कक्षांपुरता तो नियम बाजूला ठेवला. का ठेवला याचं समाधानकारक कारण त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे आकडे होते. हायड्रोजनमध्ये ऊर्जा उणे १३.६ भागिले कक्षेच्या क्रमांकाचा वर्ग. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटतात, तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, वर्णपटातली लाल रेषा. मला त्याहून भारी वाटतो तो हेलियम आयनाचा किस्सा. बोरच्या साध्या सूत्रानं हेलियम आयन आणि हायड्रोजन यांच्या वर्णपटरेषांवरून निघणाऱ्या स्थिरांकांचं गुणोत्तर नेमकं ४ यायला हवं. वर्णपटांचा अभ्यासक फाउलरनं आक्षेप घेतला की मोजमापात ४.००१६ येतं. बोरनं केंद्रकही किंचित हलतं हे हिशोबात धरलं आणि ४.००१६३ काढून दाखवलं. आक्षेप हाच पुरावा झाला.

तोपर्यंत अणुअंक म्हणजे आवर्तसारणीतला नुसता रांगेतला नंबर होता. मोझलीनं १९१३-१४ मध्ये वेगवेगळ्या धातूंतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या तरंगलांब्या मोजल्या आणि वारंवारतेचं वर्गमूळ एकेका घरानं सरळ रेषेत वाढतं हे दाखवलं, म्हणजे हा नंबर केंद्रकाच्या धनप्रभाराचाच आकडा. बोरच्या धर्तीवर हिशोब असा: क्ष-किरणाची ऊर्जा म्हणजे १०.२ गुणिले (अणुअंक उणे १) चा वर्ग. तांब्यासाठी २८ चा वर्ग ७८४, गुणिले १०.२, म्हणजे ७९९७ इलेक्ट्रॉनव्होल्ट; प्रत्यक्षात ८०४० च्या आसपास. यात १ का वजा करायचा हे मुलं विसरतात आणि ८५७८ काढून बसतात: आतल्या कवचात उरलेला एक इलेक्ट्रॉन केंद्रकाचा एक प्रभार झाकतो. कोबाल्ट (५८.९३) निकेलपेक्षा (५८.६९) जड असूनही आधी का येतो, याचं उत्तर इथे मिळालं, २७ आणि २८. ४३, ६१ आणि ७५ ही घरं रिकामी आहेत हेही दिसलं. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मोझली मारला गेला, तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

आता ३५.५ कडे. ओळख अणुअंकानं ठरते, वजनानं नाही, हे मान्य झाल्यावर एकाच घरात दोन वजनांचे अणू बसायला हरकत उरत नाही. सॉडीनं १९१३ मध्ये त्यांना समस्थानिक म्हटलं. अ‍ॅस्टनच्या १९१९ च्या वस्तुमान-वर्णपटलेखात (अणू वजनानुसार वेगळे पाडणाऱ्या उपकरणात) क्लोरीनच्या रेषा ३५ आणि ३७ ला उमटल्या, ३५.५ ला काहीच नाही. आजच्या आकड्यांनी ३४.९६९ गुणिले ०.७५७६ अधिक ३६.९६६ गुणिले ०.२४२४, म्हणजे ३५.४५. अर्धा कण कुठेच नाही, सरासरी आहे. गणितात नेहमीची चूक म्हणजे दोन्ही वस्तुमानांची बेरीज करून दोननं भागणं. त्यानं ३६ येतात. प्रमाणाचा भार द्यावाच लागतो.

यानं डाल्टनचं एक गृहीतक पडलं, ‘एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारख्या वजनाचे’. तरी त्याचा हिशोब शंभर वर्षं चालला, कारण निसर्गात समस्थानिकांची मिसळण जवळजवळ सगळीकडे एकसारखी असते. शिसं याला अपवाद. नेहमीचं शिसं २०७.२, पण युरेनियमच्या खनिजांतलं शिसं त्याहून हलकं, २०६ च्या आसपास, असं रिचर्ड्सनं १९१४ मध्ये तराजूवरच दाखवलं.

राहिलं जास्तीचं वजन. ३५ आणि ३७ या दोन्हींत प्रोटॉन १७ च, मग बाकीचं काय? १९३२ मध्ये चॅडविकनं बेरिलियममधून निघणारं प्रभारहीन विकिरण मेणावर आणि नायट्रोजनवर सोडलं. मेणातून उडणारे प्रोटॉन सेकंदाला जास्तीत जास्त ३.३ कोटी मीटर वेगानं निघत, नायट्रोजनचे अणू ४७ लाख मीटरनं. समोरासमोरच्या धडकेत वेगांचं गुणोत्तर असतं (अज्ञात वस्तुमान अधिक १४) भागिले (अज्ञात वस्तुमान अधिक १). ३.३ भागिले ०.४७ म्हणजे ७.०२. सोडवलं की वस्तुमान १.१६ येतं, त्यानं १.१५ दिलं होतं. नायट्रोजनच्या वेगातली थोडी चूकही उत्तर बरंच हलवते, म्हणून त्यानं बोरॉनच्या अभिक्रियेवरून पुन्हा काढलं आणि १.००६७ मिळालं. हा न्यूट्रॉन. क्लोरीन ३५ मध्ये १८, क्लोरीन ३७ मध्ये २०.

पहिला प्रश्न राहिला, चुकलेली प्रारूपं का शिकायची. प्रत्येकाचा चालण्याचा पल्ला ठरलेला आहे म्हणून. अभिक्रियेतली वजनं काढायला डाल्टन आजही पुरतो, तिथे कक्षक (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता आहे हे सांगणारी आजची कल्पना) आणून काही मिळत नाही. बोरचं सूत्र एक इलेक्ट्रॉन उरलेल्या कुठल्याही आयनाला चालतं, दोन इलेक्ट्रॉनांना नाही. हेलियमवर लावून बघा: १३.६ गुणिले ४, म्हणजे ५४.४. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच लागतात. पहिला मात्र २४.६ लाच निघतो. वहीत बोरच्या ‘त्रुटी’ खाली दुसरं काही लिहिलं नाही तरी हे दोन आकडे लिहा.